पुन्हा आत कधी

४ जून

बारके,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचतात पण तू उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागतो. फाडण्याआधी पहिलं पान वाच, एवढंच मागणं.

आईकडून कळलं. सातवा लागला म्हणे. मी आनंदाने उठले आणि उगाचच घरातल्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या. माझी सवय तुला ठाऊक आहे, आनंद झाला की मला फडकं लागतं. पण मग आईने पुढचं सांगितलं. तू रबरी हातमोज्यांचे दोन खोके आणून ठेवलेस. बाळाचा पाळणा वेगळ्या खोलीत असणार. अंगावर पाजायचं नाही, बाटली द्यायची, आणि तीही तुझ्या नवऱ्याने. पापा कुणीच घ्यायचा नाही आणि तू तर मुळीच नाही. आई म्हणाली, "ती म्हणते, माझ्या अंगात ते आहे. पहिलीला मी दिलं, आता याला नाही देणार."

बारके, हे वेड आहे. प्रयोगशाळेत या हर्पिसच्या विषाणूबरोबर मी पंधरा वर्षं काढली आहेत. लग्न केलं असतं तर नवऱ्याबरोबरही एवढी निघाली नसती. तेव्हा बहीण म्हणून नको, या कामातली बाई म्हणून ऐक.

विषाणू म्हणजे किडा नव्हे. एक लांब धागा असतो, त्यात सूचना असतात, धाग्याभोवती कवच आणि कवचाभोवती तेलकट पडदा. त्याला स्वतःला काही करता येत नाही, खाता येत नाही की वाढता येत नाही. तो पेशीला चिकटतो, आत शिरतो, धागा पेशीच्या केंद्रात सोडतो आणि कवच बाहेरच टाकतो. त्यानंतरचे काही तास पेशी फोडून पाहिली तर आत एकही विषाणू सापडत नाही. आम्ही त्याला ग्रहणाचा काळ म्हणतो. नवीन आलेल्या मुली हमखास विचारतात, मग गेला कुठे? कुठेच गेलेला नसतो. पेशी त्याच्या सूचना स्वतःच्याच समजून वाचायला लागलेली असते. आधी स्वतःची कामं बंद करते, मग धाग्याच्या नकला काढते, मग कवचाचे तुकडे तयार करते. ते तुकडे कुणी जोडत बसत नाही, आपले आपण जुळतात. जुळलेल्या कवचात एका बाजूच्या तोंडातून धागा ठासून भरला जातो, बाहेर पडताना पेशीचाच पडदा अंगावर ओढला जातो, आणि एकाचे हजारांनी झालेले असतात.

सांगायचं काय, तर हे सगळं व्हायला विषाणू अंगात असावा लागतो. तुझ्या अंगात तो आहे हे कशावरून? तुला लहानपणी कधी मुंगी आली नाही. मला यायची. ओठ झिणझिणला की आई ओरडायची, "मुंगी आली हिला! हिच्या पेल्यातलं कुणी पिऊ नका!" आणि दोन दिवसांनी ओठावर फोड. तुझा ओठ कायम गुळगुळीत.

असो. मोजे परत कर. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घे. तुझ्या रक्तात याची प्रतिद्रव्यं आहेत की नाहीत ते कळेल.

तुझी,
ताई


१९ जून

बारके,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, ओळच. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून 'ब'चं पोट फाडूनच रेघ मारतेस.

"ताई, बाळीला बघायला तू आलीस तो बुधवार होता. बुधवारी तुला सुट्टी कशी?"

एवढंच विचारायला तिकीट लावलंस! रजा शिल्लक होती, घेतली. एवढं सोपं आहे. बस वेळेवर मिळाली, अकराच्या सुमारास पोचले, पिवळी दुपटी आणली होती ती तुला आवडली नव्हती आणि तू तसं तोंडावर सांगितलंस. आठवतंय ना?

बुधवार माझा मोजणीचा वार, हे खरं. थाळ्यांमध्ये पेशींचा एक पातळ थर वाढवलेला असतो, त्यावर विषाणू सोडायचा, दोन-तीन दिवस थांबायचं आणि मग जांभळा रंग ओतायचा. जिवंत पेशी रंग धरतात. जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे रंग बसत नाही, भोक दिसतं. बुधवारी मी भोकं मोजते. एक भोक म्हणजे सुरुवातीला तिथे पडलेला एकच विषाणू. एक पुरतो. तुझ्या लग्नाच्या आदल्या बुधवारीसुद्धा मी मोजणीला गेले होते आणि आईने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

म्हणजे मी बुधवारी रजा घेत नाही असं तुला म्हणायचं असेल, तर माणूस कधीतरी घेतो. बाळी सहा दिवसांची होती. तुझं पहिलंच. घेतली.

रक्त तपासलंस का?

ताई


२२ जून

बारके,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेटीत टाकलं आणि चार पावलांवर कळलं की तू हसशील. तू लहानपणापासून माझं खोटं ओळखतेस, कारण खोटं बोलताना मी बसच्या वेळा सांगते.

आमच्या कल्चर रूमच्या, म्हणजे थाळ्यांत पेशी वाढवतो त्या खोलीच्या, दाराशी एक रजिस्टर टांगलेलं असतं. चार रकाने. तारीख, कोण, का बाहेर, पुन्हा आत कधी. सर्दी असली, ताप असला, ओठाला फोड असला तर आपणच नोंद करायची आणि आत जायचं नाही. थाळीतल्या पेशींना कुणी राखणदार नसतो, ना रक्त ना प्रतिद्रव्यं. बाहेरचा एक विषाणू पडला की महिन्याचं काम गेलं. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई या रजिस्टराबद्दल फार कडक. कुणी नोकरी सोडून गेलं तर त्याच्या शेवटच्या रकान्यात त्या लाल पेनाने आडवी रेघ मारतात. आजारी माणसाच्या रकान्यात तारीख पडते, आणि तारीख ठरलेली नसली तर रकाना रिकामा राहतो.

त्या बुधवारी सकाळी दात घासताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यात झिणझिणलं. आरशात काही नव्हतं. पण मला ठाऊक आहे, झिणझिण सुरू झाली म्हणजे जबड्यामागच्या नसांत वर्षानुवर्षं झोपलेला तो उठून ओठापर्यंत आलेला असतो. फोड नंतर येतो. विषाणू आधी येतो. नवीन मुलींना मी हेच पहिल्या दिवशी घोकून घेते.

कामावर पोचले आणि रजिस्टरात माझ्या हाताने लिहिलं : ओठ, झिणझिण. पुन्हा आत, आठ दिवसांनी. मोठ्या बाई मागून वाचत होत्या. म्हणाल्या, "शाबास. फोड यायच्या आत लिहिणारी तू एकटीच गं. जा घरी, मोजणी मी बघते."

दिवस मोकळा मिळाला. म्हटलं, बाळी बघून येऊ.

वाच पुन्हा ती ओळ. मलाही पुन्हा पुन्हा वाचावी लागते. प्लास्टिकच्या थाळीतल्या पेशींना मी माझ्या ओठापासून जपलं आणि तिथून सरळ तुझ्या घरी आले.

तू म्हणालीस, "ताई, पाच मिनिटं धर, मी डोक्यावरून पाणी घेते." मी खिडकीजवळ बसले. ती अर्धवट झोपेत होती, हनुवटीवर दुधाचा ओघळ होता, आणि झोपेत ती तोंड असं चाळवत होती की जणू माझ्याशी काही बोलणार आहे. मी तिचा पापा घेतला. कपाळावर नाही गं. ओठाच्या कडेला, ओघळावर. दोनदा.

झिणझिण तेव्हा आठवत होती का, हा प्रश्न मी पाच वर्षं स्वतःला विचारतेय आणि पाच वर्षं 'नाही' म्हणतेय. आठवत होती. मनात म्हटलं, अजून फोड तर आलेला नाही. हेच वाक्य एखाद्या मुलीने कल्चर रूमच्या दारात म्हटलं असतं तर मी तिची सालटी काढली असती.

तू केस पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "बघ, तुझ्याकडे कशी शांत राहते." ते मला रोज ऐकू येतं.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. अर्धं माहीत आहे.

बाळीला दाखल केल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं होतं, "गेल्या पंधरवड्यात कुणाच्या ओठाला फोड आला होता का?" तुझ्या सासूबाईंनी मान हलवली, आईने हलवली, तुझ्या नवऱ्याने हलवली. मीही हलवली. फोड तोवर गेला होता, फक्त गुलाबी डाग राहिला होता. त्यावर मी आईची लिपस्टिक लावली होती. मी, जिने तुझ्या लग्नातही लावली नाही. तुला वाटलं असेल, ही बया आजच्या दिवशी नटून आली.

मग तुझा नवरा माझ्याकडे वळला. बिचारा कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून बघत होता. "ताई, तुम्ही यातल्या आहात. हे येतं तरी कुठून?"

मी म्हणाले, "बहुतेक वेळा आईकडूनच. जन्माच्या वेळी."

पुस्तकात तसंच आहे. आकडे तसेच आहेत. खरं वाक्य होतं आणि त्याने मी खोटं बोलले. आणि तू माझ्या मागे दारात दुधाची बाटली घेऊन उभी होतीस, हे मला वळल्यावर कळलं. सासूबाईंनी आजाराचं नाव ऐकलं होतं, त्या नावाबरोबर लोक बाईच्या चारित्र्याबद्दल काय काय जोडतात तेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी पाहिली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

नंतर तू बोलणं टाकलंस. मी तुला दोषी धरते म्हणून मी येत नाही, असं तू आईला म्हणालीस. मी ते तसंच राहू दिलं, कारण मला सोयीचं होतं.

पहिल्या पत्रात तुला ग्रहणाचं शहाणपण शिकवत होते. व्हरांड्यातलं माझं ते वाक्य तुझ्यात गेलं आणि तू ते तुझं स्वतःचं समजून वाचलंस. मोजे, बाटली, वेगळी खोली, सगळं तू तुझ्याच डोक्याने तयार केलंस, पण सूचना माझी होती. ती आता काढून टाक. तू तिला काही दिलं नाहीस.

मला माफ कर असं लिहायला हात होत नाही.

ताई


१ जुलै

बारके,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. पण एक राहिलं आहे, आणि ते न सांगता मागचं पत्र पाठवलं म्हणजे मी पुन्हा लबाडीच केली. ओठाचं सांगितलं, कारण त्याला चूक म्हणता येतं.

बाळी चौदा दिवसांची असताना आईने दुपारी मला कामावर फोन केला होता. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी. आई म्हणाली, "अगं, सकाळपासून नीट ओढत नाहीये. नुसती झोपते. अंग जरा कोमट लागतंय. बारकी म्हणते आत्ताच दाखवू या. तुझं काय म्हणणं?"

म्हणजे तू म्हणाली होतीस. तुला कळलं होतं.

मी जिन्यात उभी होते. आईचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझ्या हाताने बोटं मोजली होती. बुधवारपासून आठ दिवस. ओठावर खपली होती. मला कळलं, बारके. शंका आली असं लिहिणार होते, पण कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी 'ताबडतोब न्या आणि डॉक्टरांना हर्पिसचं विचारा' असं म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल की तुला कसं सुचलं.

मी म्हणाले, "पोटात गॅस असेल गं. बारकी उगाच घाबरते. आजचा दिवस बघा, उद्या दाखवा."

आईने तुला सांगितलं, ताई म्हणते उद्या. आणि तू ऐकलंस, कारण ताई यातली आहे.

एका पेशीत तो शिरला की नवे बाहेर पडायला एक दिवसही लागत नाही. एका पेशीतून शेकड्यांनी, हजारांनी. ते शेजारच्या पेशींत शिरतात आणि पुन्हा तेच. यावर औषध आहे. ते धाग्याच्या नकला काढणं थांबवतं, झालेल्या नकला परत घेत नाही. म्हणून आमच्यात म्हणतात की हे औषध घड्याळाकडे बघून द्यायचं. मी रोज तासांवर काम करते. एका दिवसाचा अर्थ माझ्याइतका त्या घरात कुणालाच कळत नव्हता, आणि तो दिवस मी घेतला.

औषध आदल्या दिवशी सुरू झालं असतं तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. ती चोवीस दिवस जगली. त्यातला एक मी लपण्यासाठी वापरला, एवढं मला माहीत आहे.

पाकिटात रजिस्टरच्या त्या पानाची प्रत घातली आहे. माझं अक्षर तू ओळखशील. तुझ्या नवऱ्याला दाखव, सासूबाईंना दाखव, आणि त्यांनी त्या दिवशी जी नजर तुला दिली ती आता माझ्याकडे पाठवायला सांग.

आता कामाचं. रक्तात प्रतिद्रव्यं निघाली तरी काही सिद्ध होत नाही, निम्म्या जगाच्या रक्तात निघतात. तरी या बाळंतपणात काय करायचं ते डॉक्टर सांगतील आणि तेवढंच करायचं, स्वतःचे मोजे नाहीत. निघाली नाहीत, तर बाळीला तुझ्याकडून काही गेलेलं नाही हे नक्की. पण तेव्हा एक ध्यानात ठेव. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं पोटातल्या बाळाला मिळतात, आणि तुझ्याकडे नसतील तर याही बाळाकडे नसणार. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येकाचा ओठ बघायचा. तुझ्या नवऱ्याला कधी मुंगी येते का ते विचार आणि डॉक्टरांना हे सगळं सांग. लाजू नकोस.

आईचा हट्ट आहे की बाळंतपणाला मी यावं, म्हणजे आपलं मिटेल. मी येणार नाही. का ते आईला रविवारी सांगणार आहे, समोर बसून. तू सांगायच्या भानगडीत पडू नकोस, ते काम माझं आहे.

ताई


२ सप्टेंबर

बारके,

आईला सांगितलं त्याला आता दोन महिने झाले. ती ओरडली नाही. उठली, माझा चहाचा पेला विसळायला घेतला आणि बराच वेळ नळाखाली तोच विसळत राहिली. त्यानंतर ती रविवारी मला फोन करते, तुझी खुशाली सांगते आणि ठेवते. माझी विचारत नाही. बरोबर आहे.

मुलगा झाला हे तिच्याकडूनच कळलं. म्हणाली, मोज्यांचे खोके तू दवाखान्यातल्या नर्सबाईंना देऊन टाकलेस. पाळणा तुझ्या पलंगाला टेकून आहे. "दिवसभर त्याचे मुके घेते," आई म्हणाली, "गाल लाल केलेत पोराचे." आणि मग रडली. तुझ्या सासूबाई म्हणे तुझ्या खोलीत येऊन नुसत्या बसून राहतात. त्यांनाही काहीतरी म्हणायचं असेल.

फोन ठेवल्यावर मी खिडक्या पुसल्या. सगळ्या.

काल तुझं पाकीट आलं. पत्र नव्हतं. मी पाठवलेलीच प्रत होती, घडी पडून मऊ झालेली, म्हणजे बऱ्याच हातांतून गेलेली. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रक्त तपासलं. काही नाही." ते वाचून मी खाली जमिनीवर बसले. तुझ्यासाठी सुटल्यासारखं वाटलं. मग कळलं की बाळीकडे काहीच ढाल नव्हती, आणि त्या दिवशी खिडकीजवळ तिच्याजवळ फक्त मी होते.

मग खालची ओळ दिसली. माझ्या नोंदीखाली पट्टी धरून तू नवीन ओळ आखली आहेस, चारही रकाने, अगदी आमच्यासारखे.

तारीख : २४ ऑगस्ट. त्याच्या जन्माची.

कोण : ताई.

का बाहेर : ओठ. वाक्य. फोन.

तिन्ही लिहिलेस. एकही सोडलं नाहीस, एकही वाढवलं नाहीस. माझ्या हाताखाली कुणी इतकी नेमकी नोंद कधी केली नाही.

शेवटच्या रकान्याकडे बघायला मला वेळ लागला. आधी डबा धुतला, मग चष्मा पुसला, मग बसले. पुन्हा आत कधी. तिथे तारीख नाही.

मी पान खिडकीशी नेलं आणि उजेडात धरून नीट पाहिलं. रेघही नाही.

ताई